शेरा : निरंक

धामणटेक, ता. मावळ
२५ जानेवारी २०२६

महेक बेटा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता अम्मीकडून लिहून घेतला आहे. तिचं अक्षर तुला माहीतच आहे. पोस्टातला माणूस विचारत होता, हे तामिळमध्ये लिहिलंय का. आत मात्र मी आहे, तुझा अब्बा.

तू दर रविवारी अम्मीला फोन करतेस. अम्मी फोनचा स्पीकर लावते आणि त्या वेळी मी बाहेर ओट्यावर बसतो. आतलं बोलणं ओट्यावर स्पष्ट ऐकू येतं, हे आपल्या गवंड्याचे उपकार. सहा वर्षं तुझा आवाज मी भिंतीआडून ऐकतो आहे. कधी तुला खोकला झाला की मला अम्मीच्या आधी कळतं, कारण ती स्वतःच जास्त बोलते.

गेल्या रविवारी कळलं की तुझी कंपनी दुसऱ्या कारखान्यासाठी जागा शोधते आहे, तू त्या पाहणीच्या पथकात आहेस, आणि यादीत मावळचंही नाव आहे. रात्रभर झोप आली नाही. आणि गंमत बघ, दोनच दिवसांनी बांधकाम खात्यातून निरोप आला. आपल्या रस्त्याची वाहनगणती परत होणार आहे. मी रिटायर होऊन अडीच वर्षं झाली, तरी जुना मुकादम म्हणून मला रोजंदारीवर बोलावलं आहे. इथल्या गाड्या मी आवाजावरून ओळखतो, असं कुणीतरी साहेबांना सांगितलं म्हणे. कुणीतरी म्हणजे मीच.

२०१९ सालचा तो ग्लास आठवतो ना? तुझ्या जपानी कंपनीचे हायाशीसान जागा पाहायला आले आणि त्यांनी गाडीत पुढे, काचेखाली, काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला. तू दुभाषी म्हणून मागे बसली होतीस. हमरस्ता सोडेपर्यंत थेंब सांडला नाही. आपल्या फाट्याच्या अलीकडे, ओढ्यावरच्या मोरीवर मात्र सगळं पाणी हायाशीसानच्या पँटवर. घरी येऊन तू हसत हसत सांगत होतीस. मी त्याच रस्त्याचा मुकादम, मी हसू की काय करू! मग तू त्यांचं म्हणणं सांगितलंस: सरकारने वीज आणली, पाण्याची लाईन आणली, आता एवढा साडेचार किलोमीटर रस्ता केला की आमचा पैसा आलाच म्हणून समजा.

रस्ता झाला नाही. गणतीत गाड्या कमी भरल्या, फाईल परत आली. डिसेंबरात कंपनीने चेन्नईजवळ जागा घेतली. तिकडच्या सरकारने माळावर आधीच चौपदरी रस्ता करून ठेवला होता, त्यावर तेव्हा म्हशी बसायच्या, हेही तूच सांगितलंस. जानेवारीत तूही तिकडे निघालीस. शेवटच्या जेवणाला म्हणालीस, "अब्बा, तुमच्या खात्याला एक रस्ता करता आला नाही?" मी म्हणालो, "गाड्याच नाहीत, तर रस्ता कुणासाठी करायचा?" आणि त्यानंतर आणखी एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असणार.

मुद्दाम घडलं असं काही नव्हतं. गाड्या कमी होत्या, एवढंच.

अम्मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापेक्षा कमी. उत्तर लिहिलंस तर बरं वाटेल.

तुझा अब्बा

&nbsp;

धामणटेक
१ मार्च २०२६

महेक बेटा,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. रोजे चालू आहेत, दुपार जाता जात नाही, म्हणून परत लिहायला बसलो. अम्मी म्हणते, "ती न्हाई वाचायची, कशाला कागद काळं करताय?" म्हटलं, काळं करायला दुसरं आहे काय माझ्याकडे, केसांना तर तू मेंदी लावून दिलीस.

गणती म्हणजे काय, हे तू कधी विचारलं नाहीस. लहानपणी फाट्यावर माझा डबा घेऊन यायचीस तेव्हा तुला फक्त बैलगाडी आली की रेघ मारायची असायची. त्या रकान्यात दिवसभरात चारपाच रेघा, त्याही तूच मारायचीस. कागद अजून तसाच आहे. एका बाजूला येणाऱ्या गाड्या, दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या. दुचाकी, रिक्षा, मोटार, टेम्पो, ट्रक, सगळ्यांचे वेगवेगळे रकाने. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. सात दिवस, रात्रंदिवस, तीन पाळ्या. शेवटचा रकाना शेऱ्याचा. मोर्चा निघाला, पूल खचला, काही वेगळं घडलं तर त्यात लिहायचं. काहीच घडलं नाही तर लिहायचं, "निरंक".

सात दिवसांची सरासरी काढतात. ती ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर सरकार रस्त्यावर पैसा घालतं. खाली आली तर नाही. तू म्हणायचीस ते खरं आहे. रस्ता अरुंद म्हणून मोठ्या गाड्या येत नाहीत, आणि गाड्या येत नाहीत म्हणून रस्ता अरुंद. तीस वर्षं मी या साडेचार किलोमीटरात गोल गोल फिरलो. तिकडच्या लोकांनी म्हशींसाठी रस्ता केला आणि तुझी कंपनी नेली. आपल्याकडे विजेवर आणि पाण्यावर घातलेला पैसा तसाच पडून आहे. विजेच्या उपकेंद्राच्या आवारात गुराखी सावलीला बसतात.

परवा नव्या इंजिनियर आल्या होत्या, अनघा मॅडम. वयाने तुझ्याएवढ्या. बोलतातही तुझ्यासारख्या, म्हणजे आधी कामाचं, मग माणसाचं. तारखा घेऊन आल्या होत्या, ३० मार्चपासून पाच एप्रिलपर्यंत. मला विचारलं, "काका, या आठवड्यात गावात काही अडचण?"

मी त्या तारखा बोट ठेवून दोनदा वाचल्या. त्यांना वाटलं चष्मा विसरलो.

मी म्हणालो, "मॅडम, त्या आठवड्यात जाखमातेची जत्रा आहे. आधीचे तीन दिवस देवीच्या रीतीने गावात चाक फिरत नाही. टेम्पो नाही, ट्रॅक्टर नाही, मोटारसायकलसुद्धा दारातून हलत नाही. दुधाचे कॅन लोक डोक्यावरून नेतात. तारखा पुढे घ्या." त्यांनी तिथेच खोडून वीस ते सव्वीस एप्रिल केलं. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, नाहीतर सगळी गणती फुकट गेली असती."

एवढंच बोलायचं असतं, महेक. दोनचार वाक्यं. बाकीचं नंतर कधीतरी लिहीन.

तुझा अब्बा

&nbsp;

धामणटेक
२२ मार्च २०२६

महेक बेटा,

काल ईदला तू फोन केलास आणि ठेवता ठेवता अम्मीला म्हणालीस, "अब्बांना ईद मुबारक सांग." अम्मीने सांगायच्या आधीच ओट्यावरून मी "खैर मुबारक" म्हणालो. तुला ऐकू गेलं का? फोन बंद झाल्याचा आवाज आला, म्हणून विचारतो. अम्मी बाहेर येऊन म्हणाली, "शिरखुर्म्यात मीठ पडलं का काय, डोळं कशानं भरलं?" मी म्हटलं, खजूर घशात अडकला.

आता लिहितो. मन खंबीर करायला तीन आठवडे गेले.

२०१९ च्या गणतीच्या तारखा जत्रेनंतरच्या आठवड्यातल्या होत्या. तेव्हाच्या इंजिनियर राजेंद्र साहेबांनी तशाच ठरवल्या होत्या. मी त्यांच्याकडे जाऊन त्या जत्रेच्या आधी आणून घेतल्या. साहेब बाहेरगावचे, त्यांना चाक थांबवायची रीत ठाऊक नाही. त्यांनीही मला हेच विचारलं होतं, "मेहबूब, त्या आठवड्यात काही अडचण?" मी म्हणालो, "नाही साहेब."

कारण जत्रेनंतरच्या रविवारी देहूरोडचे पाहुणे तुला पाहायला येणार होते. तौसिफ, डेपोत नोकरी, घरचा एकुलता. रमजान लागायच्या आत बोलणी उरकायची होती आणि गणतीत मी सात दिवस अडकलो असतो. तुला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पाहुणे दारात आले तेव्हा तुला कळलं. तू चहाचा ट्रे ठेवलास आणि गोड आवाजात जपानीत काहीतरी म्हणालीस. बिचारा तौसिफ "आमीन" म्हणाला. तू काय म्हणाली होतीस ते मला आजवर कळलेलं नाही. त्याला आता दोन मुलं आहेत, भेटला की तुझी चौकशी करतो.

इथवर ऐकलं तर वाटेल, म्हाताऱ्याची चूक झाली, तारखांचा घोळ झाला. तसं नाही. गणतीच्या पाचव्या दिवशी चाक थांबलं. मी फाट्यावर टेबलाशी बसलो होतो. दिवसभरात बाहेरच्या नऊ गाड्या. समोर कोरा कागद. तेव्हा मला सगळं दिसलं, महेक. सातातले तीन दिवस असे जाणार, सरासरी खाली येणार, रस्ता मंजूर होणार नाही. शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहायची होती: "गावात तीन दिवस वाहन चालवायची बंदी." गणती परत झाली असती.

मी लिहिलं, "निरंक". तिन्ही दिवस. खाली सही केली.

पाहुण्यांसाठी? अर्धं त्यांच्यासाठी. उरलेलं अर्धं तुला कधीच सांगणार नव्हतो. तू म्हणाली होतीस ना, कारखाना सुरू झाला की हायाशीसान तुला वर्षभर जपानला ट्रेनिंगला पाठवणार आहेत. तू भिंतीवर नकाशा लावला होतास. मी रोज संध्याकाळी तो नकाशा बघायचो आणि मला भीती वाटायची. एवढ्या लांब गेलेली पोरगी परत येते का? मला वाटलं, रस्ता नाही तर कारखाना नाही, कारखाना नाही तर जपान नाही. पोरगी देहूरोडला राहील, चार स्टेशनं पलीकडे, दर जुम्म्याला येईल. तुला जवळ ठेवायला गेलो, बेटा. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं, पण हे होतं.

म्हणून त्या जेवणाला तू खात्याचं नाव घेतलंस तेव्हा मी भडकलो. तू खात्याला बोलत होतीस आणि मला लागत होतं. त्या रागात म्हणालो, "जातेस तर जा, पण परत या रस्त्यानं येऊ नकोस." लिहून टाकलं. सहा वर्षांत तू खरंच आली नाहीस. मधल्या त्या साथीच्या वर्षातसुद्धा नाही. अम्मीला पुण्यात मावशीकडे बोलावून भेटलीस.

एवढं सगळं अम्मीला काल रात्री सांगितलं. तिने उठून माझं पेन आणि कागद समोर आणून ठेवले. मग म्हणाली, "मला न्हाई, तिला लिवा."

माफ कर असं लिहायला हात होत नाही, कारण ते फार स्वस्तात होईल. मला तुझी फार आठवण येते, हे मात्र लिहितो.

अब्बा

&nbsp;

धामणटेक
७ एप्रिल २०२६

महेक बेटा,

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर तीनच शब्द, "गणती कधी आहे?" आणि खाली सही. मी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मागे मंदिराचं चित्र आहे, तेही वाचलं.

तारखा: सोमवार वीस एप्रिल ते रविवार सव्वीस. माझी पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. सकाळी नंदाबाई असते, खडी फोडायला माझ्या हाताखाली होती ती. माझ्या उत्तराची घाई वाटली तर वाटू दे.

जत्रा झाली. तीन दिवस गावात चाक फिरलं नाही. मी सायकललाही हात लावला नाही, आपल्या घरात आजोबांपासून पाळतात. इतकी शांतता की ओढ्याचं पाणी घरात ऐकू येत होतं. आधी मला हे दिवस आवडायचे.

तुझा अब्बा

&nbsp;

धामणटेक
२८ एप्रिल २०२६

महेक बेटा,

तू पोचल्याचं अम्मीला कळवलंस. या वेळी ओट्यावर बसायची गरज पडली नाही, अम्मीने फोन माझ्याच हातात दिला. पण फोनवर मला जमत नाही. "जेवलीस का?" एवढंच दोनदा विचारलं. म्हणून हे पत्र.

तू विचारलंस ना, "मी गाडीतून हात करत होते, तुम्ही बघूनही खाली मान घालून का बसलात?" त्याचं उत्तर आता लिहितो. रेघ मारत होतो. शनिवार, दुपारचे तीन चाळीस, पांढरी मोटार, येणाऱ्या रकान्यात. आधी रेघ मारली, मग उठलो. उठल्यावर परत बसता येणार नाही, हे मला ठाऊक होतं.

तू उतरलीस तेव्हा तुझ्या हातात पाण्याचा ग्लास. मी म्हटलं, सहा वर्षांनी आली आणि स्वतःचं पाणी घेऊन आली! तू तो वर धरून दाखवलास. "अर्धा राहिला, अब्बा. मागच्या वेळी काहीच राहिलं नव्हतं." मोरीवरचे खड्डे मी स्वतः बुजवून घेतले होते, रिटायर व्हायच्या आदल्या महिन्यात, ते तुला सांगायचं राहिलं. मग तू तोच ग्लास माझ्यापुढे केलास, कारण ऊन होतं आणि मी घामाने भिजलो होतो. मी घटाघटा पिऊन टाकला. तू म्हणालीस, "अहो, ते माझं मोजमाप होतं!" आणि हसलीस. नंदाबाई डबा विसरली म्हणून परत आली होती, तिने पदर डोळ्याला लावला. मी नाही लावला, माझ्याकडे पदर नव्हता.

रात्री मी घरी आलो तेव्हा तू जे बोललीस ते बरोबर आहे. "मला एक वर्ष जपानला जायचं होतं, अब्बा. एक. तुम्ही सहा घालवलीत." मी बोटांवर मोजून पाहिलं. आकडा बरोबर आहे. तू अजून रागावली आहेस, तरी माझ्या ताटात भाकरी वाढलीस. मी त्यावर समाधानी आहे.

आता कामाचं, नाहीतर तू म्हणशील अब्बा रडगाणं लावतात. सोपानभाऊ सरपंचांनी गुरुवारी आपला डंपर रिकामाच फाट्यावरून येरझाऱ्या घालायला लावला. मला म्हणाले, "मेहबूबभाई, रस्ता झाला तर पोरगी हितं यील तुमची. रेघ मारायला काय जातंय? ट्रकाच्या रकान्यात वाढवा की धा-ईस." खोटं कशाला बोलू, हात शिवशिवला. पण शेऱ्यात लिहिलं: "एकच रिकामा डंपर, अकरा फेऱ्या." सोपानभाऊ बोलत नाहीत माझ्याशी. बोलतील, पावसाळ्यात मोरी तुंबली की.

अनघा मॅडम म्हणाल्या, डंपर वगळून सरासरी काठावर येते आहे, किंचित वर. फाईल वर गेली आहे. पुढे मुंबईत काय होईल ते मला ठाऊक नाही. पैसा मंजूर होईल, निविदा निघेल, रस्ता होईल, मग तुझी कंपनी ग्लास घेऊन परत येईल, की तोवर दुसऱ्या एखाद्या माळावर म्हशी उठवून कारखाना उभा राहील? तू म्हणालीस, "मी पाहणीत जे दिसलं तेच लिहीन, अब्बा. अर्धा ग्लास म्हणजे अर्धा." मी म्हणालो, तसंच लिही. मला तुझा फार अभिमान वाटला आणि त्या अर्ध्या ग्लासाची भीतीही.

शनिवारचा कागद तपासताना मॅडम थांबल्या. शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "काका, हे काय?" मी लिहिलं होतं: "३.४० ते ३.५५ गणक टेबलावर नव्हता. नोंद नंदाबाईंनी ठेवली. कारण, मुलगी आली." मॅडम म्हणाल्या, कारण लिहायची गरज नव्हती. मी म्हणालो, मागे एकदा लिहिलं नव्हतं. त्यांना काही कळलं नसणार, पण त्यांनी ते खोडलं नाही.

आता रविवारचं. तुझं विमान रात्रीचं, म्हणून तू चारला निघालीस. माझी पाळी चालू होती. नंदाबाई सकाळपासून बसलेली, पाळी दोनलाच संपलेली, तरी मी तिला म्हटलं, थोडं थांब. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी जावा लेकीसंगं मोरीपातुर. म्या हाय हितं." म्हणून मी गाडीत तुझ्याशेजारी बसलो आणि मोरीवर उतरलो. तुला वाटलं असेल, अब्बांना सोबत करायची होती. होतीच. पण टेबलाशी बसून राहिलो असतो तर तुझी गाडी समोरून गेल्यावर ती रेघ मला मारावी लागली असती.

रविवारच्या कागदावर जाणाऱ्या रकान्यात ती रेघ आहे. नंदाबाईच्या हातची आहे, जरा वाकडी, पण गणतीत धरली आहे. माझ्या हातची एकच, शनिवारची, येणाऱ्या रकान्यात.

तुझा अब्बा